नावासकट

६ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून मी अनिरुद्ध आहे. म्हणजे ‘खाडीकाठ’मध्ये. ऑफिसच्या कामासाठी.

अनंत सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं — प्रांजल, बाजारात जा, आपला गेम सेकंडहँड घे, कसा विकतात ते बघ. थोडे दिवस खेळ, मग रिपोर्ट दे. मीच का? तर मी चित्रं काढणारी, माझ्याकडे बघून ही कंपनीची माणूस असेल असं कुणाला वाटणार नाही म्हणे! बरं.

अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला उतरले आणि नाहूरला घरी जाणारी बस धरण्याआधी स्टेशनमागच्या गल्लीत शिरले. मोबाइलची कव्हरं, चार्जर, हेडफोन आणि मागच्या फळीवर गेम. दुकानदाराचं नाव भीमराज. मी ‘खाडीकाठ’ची जुनी सीडी मागितली तर हसला. म्हणाला, ताई, सीडी आता नुसती बशी आहे, तिच्यावर चहाचा कप ठेवा.

खरंच आहे त्याचं. मागच्या वर्षीच्या गणपतीपासून आमच्या कंपनीचा नियम — गेम ज्याने पहिल्यांदा उघडला त्याच्या नावाला तो कायमचा चिकटतो. पुढे सीडी कुणाला विका, फुकट द्या, त्याच्या मशीनवर पाटी येते: ‘हा गेम दुसऱ्याचा आहे.’ संपला विषय. मग दुकानदारांनी वाट काढली. गेम विकायचाच नाही. ज्याचा गेम त्याचा अख्खा आयडी विकायचा. नाव, घर, ओळखीपाळखी, सगळ्यासकट.

भीमराजने व्हॉट्सअ‍ॅपवर नाव आणि पासवर्ड पाठवला. वर बजावलं, नाव तेवढं बदलू नका, बदललं की कंपनीला कळतं.

मी मान हलवली. कंपनी त्याच्या काउंटरवर कोपर टेकून उभी होती!

७ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी घरी आल्यावर उघडला. सौरभ अजून आला नव्हता. विमा कंपनीत त्यांचा हिशेबाचा हंगाम चालू आहे, उशीर होतो त्याला.

स्वतः काढलेल्या गावात परक्याच्या नावाने शिरायचं — विचित्र वाटलं. ‘खाडीकाठ’मधलं प्रत्येक घर, प्रत्येक माड मी काढलाय. वर्सोव्याला जाऊन बसायचे, होड्या आणि सुकत घातलेली मासळी बघत. गेममध्ये मारामारी नाही, शर्यत नाही. खाडीच्या काठी घर बांधायचं, भाजी लावायची, होडीने मासे आणायला जायचं, शेजाऱ्यांकडे बसायचं. एका घरात दोघंही राहू शकतात, तशी सोय आहे.

अनिरुद्धचं घर गावाच्या टोकाला, उताराजवळ. नीट बांधलेलं. कुंपणाला कोयनेलच्या जागी जास्वंद. ओसरीवर दोन खुर्च्या. काठाला एक होडी, उपडी ठेवलेली.

एक गोष्ट खटकली. घरात कुणी फिरकलं नाही की अंगणात पानं साचतात. ती पानं मीच काढलीत — फणसाची, पिवळी, कडा वळलेली. भीमराज म्हणाला होता की हा आयडी बरेच महिने पडून आहे. मग अंगणात गुडघाभर पानं हवीत.

एकही नव्हतं. झाडलेलं होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज पायरीवर बाई बसली होती.

दिवेलागणीला उघडला, तर घराच्या पायरीवर पाठमोरी. हिरवं लुगडं, अंबाडा. डोक्यावर नाव: विमला. मी जवळ गेले तशी उठली, तोंड वळवलं, आणि खाली अक्षरं उमटली.

‘आलास?’

मी मशीनच बंद केलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर डोक्यात तेच. आलास?

१३ ऑक्टोबर, सोमवार

सौरभला सांगितलं. जेवता जेवता शांतपणे ऐकून घेतलं त्याने. त्याचं म्हणणं, त्या मुलाची आई असणार. मुलाने आयडी विकला, आईला सांगितलं नाही. तिला वाटतंय पोरगा खेळतोय. तू उगाच तिच्या भानगडीत पडू नकोस.

मग म्हणाला, “पण उत्तर न देता रोज तिच्यासमोरून गेलीस, तर त्या बाईला काय वाटेल गं?”

म्हणजे दोन्हीकडून बोलणार हा!

संध्याकाळी गेले. बसली होती. ‘आलास?’ मी लिहिलं, हो. ‘जेवलास?’ हो. बस, एवढंच. मग आम्ही दोघी बसून राहिलो. म्हणजे मी आणि ती. म्हणजे तो आणि ती.

एक लक्षात आलं. गेमवर सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, तोडून-मोडून. ही देवनागरीत लिहिते, ऱ्हस्व-दीर्घ शुद्ध, पूर्णविरामासकट.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

ऑफिसात मोठी मीटिंग. विक्रीचे आकडे लावले होते पडद्यावर.

अनंत सर वाईट नाहीत. साकीनाक्याच्या एका खोलीत सुरू केली ही कंपनी, मला पहिली नोकरी त्यांनीच दिली. त्यांचं म्हणणं सरळ आहे — एक सीडी चार घरं फिरते, चारही घरं आपल्या सर्व्हरवर खेळतात, आपल्याला मात्र पहिल्याच घराचे मिळतात. उरलेले दुकानदार खातो. मग तुमचे पगार कुठून द्यायचे? पटतं. मी तीन वर्षं त्या खाडीचं पाणी रंगवलं. ते पाणी भीमराजने विकावं आणि आम्हाला काहीच नाही, हे मलाही लागतंच.

पण आकडे उलटे बोलत होते. नियम आल्यावर सुरुवातीला विक्री वाढली, आणि मग घसरली — पूर्वीपेक्षाही खाली. कारण तक्रारींची जी मेलं येतात त्यांत आहे. मुलं जुना गेम विकून त्या पैशात नवा घ्यायची. जुना विकता येत नाही म्हटल्यावर नवाही घेईनात. बोरिवलीच्या एका बापाने लिहिलंय — मुलीच्या वाढदिवसाला सेकंडहँड आणला, सगळ्या मैत्रिणींसमोर टीव्हीवर पाटी आली की हा गेम दुसऱ्याचा आहे. पोर म्हणाली, बाबा, तुम्ही चोरून आणलात का? दुकानदार परत घेत नाही, तुम्ही उत्तर देत नाही, मी कुणाकडे जाऊ?

मीटिंगमध्ये हे मेल वाचून दाखवलं.

मग अनंत सरांनी जाहीर केलं: आयडी विकणंही बंद करायचं. ३० नोव्हेंबरपर्यंत प्रत्येकाने आपलं ओळखपत्र दाखवायचं. नाव जुळलं नाही तर आयडी बंद, कायमचा. माझा रिपोर्ट त्याआधी हवा.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी

सुट्टी. पहाटे उठणं-बिठणं काही झालं नाही. दुपारपर्यंत लोळले, संध्याकाळी सहज उघडला.

तिने घरभर पणत्या लावल्या होत्या. पायरीवर, कुंपणावर, उपड्या होडीच्या कडेनेसुद्धा. पणती मीच काढलीय, पण इतक्या एका जागी पहिल्यांदा बघितल्या. 

‘अभ्यंगस्नान झालं?’ तिने विचारलं. मी खोटंच लिहिलं, झालं.

थोड्या वेळाने: ‘डोळे लाल दिसतात.’

सौरभला हाक मारली. त्याने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. म्हणाला, अगं, उटणं डोळ्यांत जातं, कुठलीही आई दिवाळीला हेच विचारते. बरोबर आहे. पण माझे डोळे खरंच लाल होते. दुपारपर्यंत झोपल्यामुळे असेल.

२५ ऑक्टोबर, शनिवार

होडी सरळ करायला गेले. रिपोर्टसाठी सगळं बघायला हवं ना — मासेमारी, बाजार.

विमला आडवी आली. मी डावीकडून गेले, ती डावीकडे. उजवीकडून, उजवीकडे. ‘होडी काढू नकोस.’

खेळाडू एकमेकांची वाट अडवू शकत नाहीत. एकमेकांच्या आरपार जातात, तसंच केलंय. मला तिच्या आरपार जाता येईना. सोमवारी तांत्रिक टीमला विचारते, काहीतरी बग असेल.

२७ ऑक्टोबर, सोमवार

विचारलं. ते म्हणाले, असा बग शक्य नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून काढते.

अनिरुद्धच्या आयडीत पत्ता अजून तसाच होता, मुलुंड पूर्वेचा, नवघर रोडकडचा. राहवेना. सौरभला म्हटलं, मैत्रिणीकडे जाते. रिक्षाने किती, जवळच तर आहे. ठरवून गेले होते — त्या बाईला समोरासमोर सांगायचं की तुमचा मुलगा नाही, मी आहे, आणि महिनाअखेरीला हे बंद होणार आहे. कंपनीच्या पाटीवरून कळण्यापेक्षा माणसाने सांगितलेलं बरं.

दार एका काकांनी उघडलं. नंदकिशोर, अनिरुद्धचे वडील. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बारीक चणीचे, इस्त्रीचा लेंगा. मी गेम कंपनीतून आलेय म्हटल्यावर दार पूर्ण उघडून म्हणाले, या, आत बसा. पाणी आणायला आत गेले. मी मान वर केली.

भिंतीवर दोन फोटो. दोन्हींना हार.

एक तिशीतला मुलगा. दुसरी बाई — अंबाडा, कपाळावर मोठं कुंकू. खाली नाव: विमला.

काका पाणी घेऊन आले. मी फोटोंकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. स्वतःच सांगायला लागले. मागच्या वर्षी गणपतीला गावाला गेले होते, राजापूरकडे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मायलेक होडीतून पलीकडे नातेवाइकांकडे निघाले. भरती होती. होडी उलटली. काका घरी थांबले होते, गुडघा दुखतो म्हणून.

गेम अनिरुद्धने आईला शिकवला होता. नोकरीला तो बंगळुरूला होता. संध्याकाळी तो तिथून, ती इथून, खाडीकाठच्या त्या घरात भेटायचे. काका हसून म्हणायचे, एवढं काय बोलता, फोन करा की. पण फोनवर दोन मिनिटांत संपायचं, तिथे तासभर बसायचे.

दोघं गेल्यावर काकांनी मशीन आणि सीड्या पुतण्याला दिल्या. त्याच्याकडे पाटी आली — हा गेम दुसऱ्याचा आहे. त्यांनी आमच्या कंपनीला फोन केला. फोनवरच्या मुलीने सांगितलं, नाव बदलता येत नाही, मालकाने स्वतः अर्ज करावा लागतो.

“मी म्हटलं, मालक वारला,” काका म्हणाले. “ती म्हणाली, सॉरी सर, तरीही.”

शेवटी दिवाळीआधी सगळंच घाटकोपरच्या दुकानात देऊन आले. वस्तू घरातून घालवायच्या होत्या, नावं नव्हती घालवायची. पण नावं वेगळी काढायची सोय कुठे होती? नावासकट द्यावं लागलं.

मी का आले ते सांगितलंच नाही. चहा घेतला. निघताना काका दारापर्यंत आले. म्हणाले, कुणीतरी खेळत असेल ना त्या घरात? असू दे. घर रिकामं राहू नये.

रिक्षात बसेपर्यंत धीर धरला. 

मग पायरीवर कोण बसतंय?

३ नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर डोळा नाही. सकाळी सौरभला सगळं सांगितलं, खोटं बोलून मुलुंडला गेले तेसुद्धा. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि क्षणात उलगडलं.

“प्रांजल, दोन आयडी विकले ना त्यांनी? एक तू घेतलास. दुसरा दुसऱ्या कुणी घेतला असेल.”

देवा! एवढं साधं. मी हसतच सुटले, मग रडले.

ऑफिसमधून येताना घाटकोपरला उतरले. भीमराजला आठवत होतं. विमला नावाचा आयडी त्याने उन्हाळ्यात दहिसरच्या एका मुलीला विकला. आणि अनिरुद्ध? तो तर वर्षभर दुकानात पडून होता, म्हणाला, तुम्हीच पहिलं गिऱ्हाईक.

म्हणजे असं. दहिसरची कुणी मुलगी महिनाभर आईचं नाव घेऊन बसलीय, कारण तिला वाटतंय की हा अनिरुद्ध आईवेडा, त्याला आई हवीय. आणि मी ‘जेवलो’ म्हणून लिहितेय, कारण मला वाटतंय की या बाईला पोरगा हवाय. दोघी एकमेकींची समजूत काढतोय! आणि ज्यांची नावं, ते दोघं भिंतीवर.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज लिहूनच टाकलं. ‘मी अनिरुद्ध नाही.’

 खाडीवर उजेड उतरत गेला. मग:

‘माहीत आहे.’

आणि नंतर: ‘तरी येत जा.’

१२ नोव्हेंबर, बुधवार

रोज जाते. आता भीती नाही, उलट दिवसातला तेवढाच वेळ बरा वाटतो. ती स्वतःचं काहीच सांगत नाही — काय करते, कितीची आहे. विचारलं की विषय बदलते. मी मात्र भडाभडा बोलते. ऑफिसचं, सौरभशी झालेल्या भांडणाचं, आईला महिना झाला फोन केला नाही त्याचं. परवा तिने लिहिलं, ‘उद्या कर.’ केला. आई दहा मिनिटं गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलली. बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चित्रांच्या टीममधून दोघांना काढलं. अनंत सरांनी स्वतः बोलावून सांगितलं, मेल नाही पाठवलं. बाहेर आल्यावर सरांचे डोळे ओले होते. मला म्हणाले, विक्री अशीच राहिली तर मलाही पर्याय नाही. रिपोर्ट लवकर दे.

मी काय लिहू? की सेकंडहँड बंद केल्याने आपलं भलं झालं? झालं नाही. की आयडी बंद करू नका? मग भीमराजसारखे शंभर जण मेलेल्यांची नावं विकत राहतील.

२० नोव्हेंबर, गुरुवार

विमलाला सांगितलं. महिनाअखेरीला बंद होणार, तुझाही आणि माझाही.

‘मग मी कुठे जायचं?’

मी लिहिलं, नवीन घे ना. स्वतःच्या नावाने घे. मीही घेते. मग आपण खऱ्या भेटू.

‘माझ्या नावाने हेच आहे.’

दोनदा वाचलं. मग विचार केला, चेष्टा करत असेल. मुलगीच ती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट दिला. सगळं खरं लिहिलं: नियमाने दुकानं थांबली नाहीत, फक्त चोरवाटेला गेली, गिऱ्हाईक तुटलं, आणि शेवटी एक सूचना — माणूस गेला तर त्याच्या घरच्यांना गेम एकदा तरी आपल्या नावावर करून घेता यावा, किंवा निदान नाव पुसता यावं. मुलुंडच्या काकांबद्दल नाव न घेता लिहिलं.

अनंत सरांनी समोरच वाचला. सूचनेवर बोट ठेवलं. म्हणाले, चांगलं आहे, पुढच्या वर्षी बघू. ३० तारीख मात्र बदलणार नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेवटची संध्याकाळ. काय झालं ते लिहायलाच हवं.

गेले तर ती पायरीवर नव्हती. काठावर उभी. होडी सरळ केलेली, पाण्यात.

‘चल.’

मी विचारलं, तूच नको म्हणायचीस ना? ती होडीत बसली. मीही बसले. होडी निघाली. कंट्रोलर मी हातातसुद्धा धरला नव्हता.

खाडी मी काढलीय. उजव्या हाताला खारफुटी, मग दोन खडक, मग वळण. वळणापुढे काही नाही. पाणी रंगवलेलंच नाही तिथे, आकाशही नाही. होडी तिथवर गेली की आपोआप मागे फिरते, तसंच बनवलंय, मी शंभर वेळा तपासलंय.

होडी वळणावर आली. फिरली नाही.

पुढे पाणी होतं. माझं नाही — मी असं पाणी काढूच शकत नाही. काळं, जड, वर फेस. पलीकडच्या काठावर उंच माड आणि एक दिवा. भरतीचा आवाज येत होता. आमच्या गेममध्ये भरतीचा आवाजच नाही.

विमला पुढे बघत होती. वळली नाही. अक्षरं उमटली: ‘तू उतर आता. तुझं काम झालं.’

मी भिंतीतला प्लग ओढून काढला. सौरभ धावत आला. 

३० नोव्हेंबर, रविवार

उघडलंच नाही. संध्याकाळी फोनवर कंपनीचा मेसेज: तुमची ओळख जुळली नाही, हा आयडी बंद करण्यात आला आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसात कुणाला विचारायचं धाडस झालं नाही, पण मूळ फाइल उघडून बघितली. खाडी वळणावर संपते. पुढे पांढरं.

सौरभचं म्हणणं, दमली होतीस, जागरणं झाली होती. असेल. त्या दहिसरच्या मुलीला मात्र भेटायचं ठरवलंय. तिने काय बघितलं ते विचारायचं, आणि आभार मानायचे. बिचारीने दोन महिने सांभाळलं मला. भीमराजने आढेवेढे घेत नंबर दिला. नाव श्रुतिका. फोनवर आधी कचरली, मग रविवारी ये म्हणाली.

७ डिसेंबर, रविवार

श्रुतिका भेटली. दहिसरला, तिच्या बिल्डिंगखाली. कॉलेजात जाते. मी आभार मानले तर गोंधळून बघत राहिली. तिने तो आयडी एकदाच उघडला होता, मे महिन्यात, विकत घेतला त्याच दिवशी. पायरीवर एक मुलगा बसला होता. अनिरुद्ध नाव. तिला बघून उठला आणि त्याने लिहिलं, ‘आई, किती उशीर केलास.’ ती घाबरली, मशीन बंद केलं, परत कधीच उघडलं नाही.

मे महिन्यात अनिरुद्धचा आयडी भीमराजच्या दुकानात पडून होता. तो मी ऑक्टोबरात घेतला.